चाळीत बोभाटा नको

लालबागच्या चाळीतली कांता साखरेचा डबा फळीवर पार मागे ढकलत होती, आणि तिची सहा वर्षांची अनुजा खाली उभी राहून आईच्या तोंडाकडे बघत होती. पोरीचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या. भिंतीचा चुना खरवडून खायची. सकाळी शौचातून गांडुळासारखा लांब, पांढरा जंत पडला, तो कांताने डोळ्यांनी पाहिला होता.

"जंत झालेत तिला, आई."

सासूने, लक्ष्मीबाईंनी, आधी दार लावलं. "हळू बोल गो. चोरून साखर खाता, दुसरां काय? गोड बंद कर, जेवण अर्धां कर. उपाशी र्‍हवले की जंत आपसूक मरतले."

काय ही अक्कल! आणि वर घराण्याची अब्रू. रविवारी नणंदेला, ऋताला, बघायला पाहुणे येणार होते. जंत म्हणजे घाणेरडं घर, असा चाळीत बोभाटा झाला तर स्थळ हातचं जाईल, ही म्हातारीला धास्ती. म्हणून ज्या दिवशी शाळेत जंतांची गोळी फुकट वाटली, त्या दिवशी अनुजाला घरीच ठेवलं.

कांताने नवऱ्याला विचारलं. दत्तारामने मोबाइलवरून मान वर केली नाही. "आई म्हणते तसं कर ना. उगाच कटकट."

आणि कांताने ऐकलं. हेच तर काळजाला घरं पाडणारं आहे.

"आई, अजून थोडा भात दे ना."

"जंत मरू देत आधी."

"ते कधी मरणार?"

कांताने पातेल्यावर झाकण ठेवलं.

रविवारी पाहुण्यांच्या हातात पोह्यांच्या बश्या होत्या, तेव्हा मोरीच्या पडद्याआड अनुजा पोट धरून कळवळत होती. हिरवी उलटी झाली, त्यात जंत. ती ओरडणार तोच लक्ष्मीबाई आत डोकावल्या, "पाहुणे जाऊंदेत." कांताने पोरीच्या तोंडावर पदर दाबला. स्वतःच्या हाताने.

हॉस्पिटलात नेईपर्यंत फार उशीर झाला होता. कांताने साखरेचं, उपाशी ठेवल्याचं सांगितलं, तशी डॉक्टर चिडून म्हणाली, "जंतांचा गुंता होऊन आतडं तुंबलं, आतून सडलं. अहो, साखरेने जंत होत नाहीत. मातीतली अंडी न धुतलेल्या हातांतून, भाजीतून पोटात जातात. उपाशी ठेवून मूल खंगतं, जंत नाही. एका गोळीचं काम होतं, आधी द्यायची."

अनुजा पहाटे गेली.

शेजारणी भेटायला आल्या. लक्ष्मीबाई डोळे पुसत सांगत होत्या, "काविळीन गेली गो माझी बाय."

कोपऱ्यात बसलेली कांता उठली.

"कावीळ नव्हती. जंत होते. शाळेत गोळी मिळत होती, आम्ही लाजेपायी दिली नाही. वर तिला उपाशी ठेवली. मी ठेवली."

"गप बस," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"नाही बसणार. गप बसले म्हणून मेली ती."

मग समोरच्या खोलीतली रश्मी अगदी हळू म्हणाली, "माझ्या मनूलाही पडतात. मी कुणाला सांगितलं नाही."

"त्याला घेऊन ये. आत्ता दवाखान्यात जाऊ, मी येते बरोबर."

"सुतकात बाहेर पडतंस?" लक्ष्मीबाईंनी तिचा हात धरला. "लोक काय म्हणतले?"

कांताने हात सोडवून घेतला आणि सगळ्यांच्या देखत ती रश्मीच्या दारात जाऊन उभी राहिली.