दहावी चड्डी

पाळणाघर चालवणाऱ्या ताईने दुकानात चांगला तासभर घातला. पोरांच्या मांड्यांवर सारखं पुरळ उठायचं आणि त्यांच्या आया तिचं डोकं खायच्या. म्हणून या वेळी डायपर सुटताना पोरांना घालायच्या ट्रेनिंग चड्ड्या सेंद्रिय सुतीच घ्यायच्या, असं तिने ठरवलं होतं. एकेक चड्डी उलटी करून तिने शिवण गालाला लावून पाहिली, इलॅस्टिक मनगटावर चढवून पाहिलं. प्लॅस्टिकचं अस्तर असलेल्या बाजूला सारल्या.

"ओल बाहेर येणार नाही, ताई," दुकानदार म्हणाला.

"अहो, पोराला ओलं कळायला नको का? नाहीतर शिकणार कधी!"

मधे तीन पदर, रंग नाही, पोराला स्वतः खाली ओढता येतील अशा दहा तिने निवडल्या. पोरं नऊ. एक जादाची कपाटात राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तीच ओली निघाली. नुसती ओली नाही, कोमट.

"मावशी, ही कुणाला घातली होती का?"

"मी कशाला घालू? किल्ली तर तुमच्याकडे." मदतनीस मावशीने चड्डी नाकाशी नेली आणि तिचा चेहराच उतरला. "पोराचीच आहे हो."

कपाट आतून ठणठणीत कोरडं. चड्डी धुतली, वाळवली, परत ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चार दिवसांत मावशीने कपाटाच्या बाजूला फिरकायचंच सोडलं.

मग एका सकाळी भिंगरी, अडीच वर्षांची बडबडी पोर, पॉटीवर बसल्या बसल्या म्हणाली, "तो रडतो."

"कोण गं?"

"त्याला कुणी बसवतच नाही." तिने कपाटाशेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बोट केलं. बाकीच्या आठ जणांनीही माना तिकडेच वळवल्या. एकही हसलं नाही.

ताईला पळावंसं वाटलं, पण नऊ पोरांना टाकून जाणार कुठे? आणि खरं सांगायचं तर भीतीपेक्षा तिला लाज वाटली. इतके दिवस एक पोर ओल्यात बसलं होतं, आणि ती कपाटाला कुलूप घालत होती.

तिने माळ्यावरची पॉटी काढली, कोपऱ्यात मांडली, चड्डी बाजूला ठेवली.

"ये रे बाळा. घाई नाही हं. शूऽऽ..."

खोली चिडीचूप झाली. मग पॉटीत बारीक धार पडल्याचा आवाज आला. ताईने वाकून पाहिलं; आत टिपूसही नव्हता. पण नऊही पोरांनी टाळ्या पिटल्या, एकमेकांसाठी पिटायची तशाच.

"शाब्बास," ताई कशीबशी म्हणाली.

त्यानंतर चड्डी दोनदाच ओली झाली. पुढे महिनाभर कोरडी. आणि एके दिवशी कपाट उघडलं तर ती तिथे नव्हतीच.

"सुटलो बाई," मावशी म्हणाली.

दुपारी पोरं झोपल्यावर ताई त्या कोपऱ्यात जाऊन बसली, कान देऊन ऐकत राहिली आणि पोरं उठेपर्यंत तिथून हलली नाही.