रिकाम्या डब्याची खोटी साक्ष

मित्रांनो, मी स्टीलचा डबा आहे. जुना, दोन कप्प्यांचा, बाजूला कडी असलेला आणि सध्या फार चिडलेला. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगावी, अशी तुमची अपेक्षा असते. मला ते जमणार नाही. सात महिने लोक माझ्याकडे बघून एक खोटी गोष्ट खरी मानत होते आणि मला साधं ‘नाही’ म्हणता येत नव्हतं. डब्याला तोंड असतं, पण ते दुसऱ्याने उघडावं लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला, त्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते चिखलीचं भांड्यांचं दुकान. छायाच्या लग्नात आंदण द्यायला तिच्या मामाने मला तिथून घेतलं. दुकानदाराने घर्र घर्र मशीन फिरवून माझ्या पोटावर नाव कोरलं, ‘छाया हिस मामाकडून सप्रेम’. घाईत त्याने ‘सप्रेम’मधला ‘स’ असा काढला की आजही लोक तो ‘भ’ वाचतात. असो.

छायाचा नवरा कडूबा भाजीपाला पिकवतो. दहा-बारा वर्षं मी त्याच्या सायकलच्या हँडलला लटकून मळ्यात गेलो. बांधावर तापलो, मुंग्यांनी छळलं, एकदा तर कुत्र्याने पळवून थेट नाल्यात नेलं. पण दुपारी कडूबा कडी उघडून म्हणायचा, “वा! आज ठेचा हाये!” तेवढ्यावर मी खूश असायचो. मग त्याने अन्न गरम ठेवणारा नवा डबा घेतला आणि मी फळीवर गेलो. छाया माझ्यात बटणं आणि सुईदोरा ठेवू लागली. डब्यात बटणं! अजूनही आठवलं की राग येतो.

सुटका केली ती त्यांच्या मुलीने, डिंपलने. आमच्या गावच्या शाळेत आठवीपर्यंत खिचडी मिळते, नववीपासून घरचा डबा न्यावा लागतो. डिंपल नववीत गेली आणि मला पुन्हा घासून-पुसून बाहेर काढलं. ही मुलगी खाणारी होती. पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी करायची, मैत्रिणीला अर्धी द्यायची आणि तिच्या डब्यातली वांग्याची भाजी हक्काने उचलायची. खाताना बडबड इतकी, की बेल झाली तरी तोंडात घास. ते दीड महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, हे मी कडूबाची माफी मागून सांगतो.

ऑगस्टमध्ये अकोल्याहून पायल मॅडम आल्या. त्या संशोधन करत होत्या. खेड्यापाड्यातली तुमच्या वयाची मुलं काय खातात, बाहेरचं किती खातात, कोणाचं वजन फार वाढतंय, कोण उपाशी राहतंय, हे त्यांना शोधायचं होतं. काम चांगलं होतं. त्यांनी बजावलंही होतं, की एकेकाला वेगळं बोलावून वजन घ्या. पण त्या वर्गात फॉर्म समजावण्यात गुंतल्या आणि व्हरांड्यातला वजनकाटा हिंमतराव सरांच्या ताब्यात गेला. हिंमतराव सर खेळाचे शिक्षक. मनाने वाईट नाहीत, पण कानात बोलायचं असलं तरी मैदानावर बोलल्यासारखं बोलतात. लवकर आटपावं म्हणून त्यांनी सगळ्यांची रांग लावली आणि ते आकडे ओरडून सांगू लागले.

डिंपलचा आकडा मी तुम्हाला सांगणार नाही. तो एकदा ओरडून सांगितला गेला, तेवढं पुरे.

“अबे, हा तर सोयाबीनचा कट्टा हाये!” मागून कोणीतरी म्हणालं. आमच्याकडे धान्याच्या पोत्याला कट्टा म्हणतात. सगळी रांग हसली. सरही जरासे हसले. डिंपलही हसली, आणि मला ते तेव्हाच आवडलं नाही.

त्या दिवसापासून ती ‘कट्टा’ झाली. पाण्याच्या टाकीजवळ कट्टा, सायकलवर कट्टा, फळ्यावर कट्टा. पहिल्या आठवड्यात गूळ गेला. दुसऱ्या आठवड्यात तूप. मग एका सोमवारी तिने आईला सांगितलं, “आई, मी आजपासून सोमवार धरून राह्यली.”

छायाला केवढा आनंद झाला! “धर ना माय, चांगलंच हाये,” ती म्हणाली. मग गुरुवार आला, महाराजांचा. मग शनिवार. मग चतुर्थी, एकादशी. इतरांच्या उपासाला साबुदाण्याची उसळ असते, भगर असते, शेंगदाण्याची आमटी असते. हिचा उपास कडक, नुसत्या पाण्याचा. शेजारच्या बायका छायाला म्हणायच्या, “तुयी पोट्टी मोठी भाविक व बाई! आमची पाह्य, दिवसभर मोबाइल.” छायाची मान ताठ व्हायची. आता मला सांगा, देवाचं नाव घेतल्यावर कोण विचारणार, की बाई, तू जेवत काऊन नाहीस?

आणि उपास नसलेल्या दिवशी मी होतोच. मधल्या सुट्टीत डिंपल मला घेऊन शाळेच्या मागच्या कुंपणाशी जायची. तिथे बकऱ्या यायच्या. झाकण उघडायचं, मला उपडं करायचं, दोनदा आपटायचं आणि कडी लावायची. संध्याकाळी छाया मला उघडून बघायची आणि रोज तेच म्हणायची, “वा, सगळा संपवला!”

काय सांगू मित्रांनो! आयुष्यभर मी भरल्या पोटाने मिरवलो आणि रिकाम्या पोटाने शाबासकी घेतली. आता त्याच शाबासकीची मला शरम वाटू लागली. मी कडी सैल केली. दप्तरात तेल गाळलं. पुस्तकांना डाग पडले. मला वाटलं, आता तरी कोणी मला नीट बघेल. छायाने झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी लावली आणि विषय संपवला.

मार्चमध्ये पायल मॅडम दुसऱ्या फेरीला आल्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि डिंपल पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसली होती. तिची वेणी बोटाएवढी बारीक झाली होती. प्रार्थनेला दोनदा चक्कर आली होती, तेव्हा सगळ्यांनी एकच सल्ला दिला, की उपासाला लिंबू-सरबत घेत जा.

फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘तुम्ही मुद्दाम जेवण टाळता का?’ डिंपलने ‘नाही’वर खूण केली. ती खोटं बोलली, असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात उपास धरतात, जेवण टाळत नाहीत. टाळतात ते काम. उपासाचा प्रश्न त्या फॉर्ममध्ये कुठेच नव्हता. तो छापला कुठल्याशा मोठ्या शहरात, तिथे कोणाला सुचलं नसेल. पालकांच्या पानावर विचारलं होतं, ‘मूल डबा संपवते का?’ शाळेत आलेल्या छायाने अभिमानाने सांगितलं, “हाव मॅडम, रोज रिकामा येते.” मी तिथेच बाकावर होतो. माझा पत्रा तापला, पण पत्रा तापलेला कोणाला ऐकू येतो?

पुन्हा वजनं झाली आणि त्यांचा निकाल लागला. ऑगस्टच्या ‘जास्त वजन’ यादीतून डिंपलचं नाव उडालं होतं. हिंमतराव सरांनी तिला वर्गासमोर उभं केलं, गुलाबाचं फूल दिलं आणि म्हणाले, “याले म्हणते निर्धार! सगळ्यांनी डिंपलकडून शिका!” टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचा मला आजही संताप येतो. बुडणाऱ्याला पोहायचं बक्षीस दिलं त्यांनी.

त्याच दुपारी ती मला कुंपणाशी घेऊन गेली, नेहमीसारखं उपडं केलं, कडी लावली आणि तिला भोवळ आली. पडली नाही, नळाच्या ओट्यावर बसली. मी तिच्या हातातून गडगडत गेलो तो थेट सुभद्राबाईंच्या पायाशी. सुभद्राबाई शाळेत खिचडी शिजवतात. त्या ताटं घासत होत्या. सवयीने त्यांनी मलाही घासायला उचललं, उघडलं आणि थांबल्या.

“डिंपल, हा डबा कोनं खाल्ला?”

“मीच, काकू.”

“खोटं नोको बोलू. खाल्लेल्या डब्यात बोटं फिरलेली दिसते. भाजी कडंकडंनं पुसलेली राह्यते. ह्यात पाह्य, भाजीचा एक गोळा कोपऱ्यात तसाच चिपकला. हा डबा उलटा केलेला हाये. पंधरा वर्सं झाली मले ताटं घासून, मले नोको शिकवू.”

डिंपल एकदम रडायला लागली. “काकू, आईले सांगू नोका.”

“काऊन?”

“मी जेवली तं मले पुन्हा कट्टा म्हणतीन.”

सुभद्राबाईंनी ओले हात पदराला पुसले. एका हाताने डिंपलला धरलं, दुसऱ्या हातात मला घेतलं आणि सरळ ऑफिसात गेल्या. पायल मॅडम गठ्ठे बांधून निघायच्या बेतात होत्या. हिंमतराव सर म्हणाले, “बाई, मॅडमची गाडी सुटते, नंतर या.”

“गाडी जाऊ द्या सर. मॅडम, तुमचा कागद राहू द्या, हा डबा पाहा.”

मॅडमनी मला हातात घेतलं. सात महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यात डोकावून नीट बघितलं. त्यांनी सरांना बाहेर जायला सांगितलं, दार लोटलं आणि विचारलं, “डिंपल, आठवड्यात किती उपास करतेस?”

तिने बोटं मोजली. तीन, आणि चतुर्थी-एकादशी आली की चार.

“आणि बाकीच्या दिवशी?”

ती माझ्याकडे बघत राहिली. मॅडम खुर्चीवर बसल्या. “मी हे विचारलंच नाही गं,” त्या म्हणाल्या. “माझ्या फॉर्ममध्ये हा प्रश्नच नाही.” चूक दाखवल्यावर माणसं चिडतात, ही बाई चिडली नाही, म्हणून मी तिला माफ केलं. पुढच्या दोन दिवसांत त्यांनी एकेका मुलीला एकटीला बोलावून उपासाबद्दल विचारलं. अजून तीन निघाल्या. तिघींचीही नावं वजन उतरलं म्हणून सरांनी केलेल्या शाबासकीच्या यादीत होती.

छायाने आधी ऐकूनच घेतलं नाही. “देवाचं काम हाये मॅडम. ह्याले आजार कसं म्हणता?” मग सुभद्राबाईंनी मला तिच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. छाया मला उघडायची, झाकायची, पुन्हा उघडायची. “मी रोज हाच पाहून खूश होती,” ती म्हणाली आणि डोक्याला हात लावून बसली. कडूबाने दुसऱ्याच दिवशी मिरचीचा तोडा सोडून मुलीला बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेलं. ते अजून जातात, दर पंधरा दिवसांनी. डॉक्टरांनी सांगितलंय, वेळ लागेल, रागवायचं नाही आणि वजनावर घरात बोलायचं नाही.

यंदा जुलैत शाळेत पुन्हा वजनं झाली. मॅडमनी हट्ट धरला म्हणून वजनकाट्याला पडदा लावला. हिंमतराव सर पडद्याआड उभे राहिले आणि तिथून आकडे ओरडले. सांगा, डोकं आपटू की नको? यावेळी दहावीच्या रांगेतून डिंपल म्हणाली, “सर, हळू सांगा ना.” सर पुढचे आकडे हळू सांगू लागले. निदान त्या दिवसापुरते तरी.

मित्रांनो, मला घासा किंवा घासू नका, माझ्यात पुन्हा बटणं ठेवली तरी चालेल. पण कोणाच्या शरीराला नाव ठेवू नका. आणि शेजारची मैत्रीण जेवत नसेल, तर तिच्या डब्यात बघून समाधान मानू नका. तिच्या शेजारी बसा, तिला विचारा.

काल संध्याकाळी डिंपलने मला आईसमोर ठेवलं. मी अर्धा भरलेला होतो. एक पोळी आणि बरीचशी भाजी तशीच होती.

“आई, आज एवढंच गेलं,” ती म्हणाली. “बकऱ्यायले नाही देल्लं.”

उरलेला डबा घरी आला की ज्या घरात बोलणी बसायची, त्या घरात छाया काहीच बोलली नाही. तिने उरलेली पोळी माझ्यातून काढली, तिचे दोन तुकडे केले आणि मुलीच्या शेजारी बसून आधी आपला खाल्ला.