नाकाशी धरलेला कापूस

मित्रांनो, जुन्या उशीचे कोणी ऐकत नाही. ऐकण्याचे काम जन्मभर तिचेच असते. मी वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावच्या देवकाबाईंच्या घरातली कापसाची उशी. माझ्यातला कापूस त्यांच्याच वावरातला. दारावर आलेल्या पिंजाऱ्याने तो अंगणात पिंजला, पट्ट्यापट्ट्यांच्या जाड कापडात गच्च भरला आणि शिवण देवकाबाईंनी स्वतः घातली. तेव्हा मी इतकी टणक होते, की पाहुणे म्हणत, ही उशी आहे की धोंडा! मला मात्र त्याचा अभिमान होता.

माझ्यावर देवकाबाईंचे यजमान वासुदेवराव डोके ठेवत. आणि काय घोरत! शेजारी म्हणत, "वासुदेवराव घोरायले लागले का कुत्रे बी गल्ली सोडून जातेत." सगळे हसत. घोरतो तो घोडे विकून झोपतो, अशी घरातली समजूत होती. मी कानाखाली असल्यामुळे मला वेगळेच कळे. घोरता घोरता त्यांचा श्वास मध्येच अडायचा. मान ताठ व्हायची, छाती हलायची, पण हवा येत-जात नसे. मग एकदम आचका देऊन श्वास सुटायचा. त्या मधल्या वेळात मी भिऊन जाई. पण उशी भ्याली काय, न भ्याली काय, कोणाला कळते?

एका मे महिन्याच्या दुपारी ते जेवून आडवे झाले आणि थोड्या वेळाने घोरणे थांबले. देवकाबाई चहा घेऊन आल्या आणि दाराशीच थबकल्या. सोबत आलेल्या शेजारणीला हळूच म्हणाल्या, "आज कसे शांत झोपून राह्यले वं. झोपलेल्या माणसाले उठवू नाई." त्यांनी चहा झाकून ठेवला. तो कोणी प्यायलाच नाही.

संध्याकाळपर्यंत घर माणसांनी भरले. वासुदेवरावांच्या नाकात घालायला कापूस हवा होता. घाईत कोणीतरी माझीच शिवण उसवली आणि दोन बोळे काढले. मित्रांनो, माझा तेवढा भाग त्यांच्याबरोबर गेला. त्यांचे अंथरूण-पांघरूण रिवाजाप्रमाणे देऊन टाकले, पण मला देवकाबाईंनी जाऊ दिले नाही. त्या माझ्यावर कान ठेवून पडून राहत. त्यांना वाटे, अजून काही ऐकू येईल. त्यांना काय ऐकू आले ते मला ठाऊक नाही. मला मात्र तो अडकलेला श्वास ऐकू येतच होता.

पुढे त्यांचा मुलगा धनंजय महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर रात्रपाळीला लागला. तो दिवसा झोपायचा. त्याला मऊ उशी चालत नसे, म्हणून मी त्याच्या वाट्याला आले. पहिल्याच दिवशी त्याने डोके टेकले, घोरू लागला, आणि मध्येच थांबला. तोच अडलेला श्वास, तीच ताठ मान. माझ्यावर कोण झोपले आहे, हे क्षणभर मला कळेना.

त्याची बायको मंजुषा घोरण्याला कंटाळली होती. धनंजयने मोबाईलवर कुठेतरी पाहिले, की तोंडाला पट्टी लावून झोपले की माणूस नाकाने श्वास घेतो आणि घोरणे बंद होते. मेडिकलमधून कागदी चिकटपट्टी आली. ओठांवर पट्टी लावून तो झोपला आणि खरेच, घर चिडीचूप झाले. "पाहा बाप्पा, कशी शांती आहे!" मंजुषा म्हणाली. नाकाने श्वास घेणे चांगलेच, त्याला मी कशाला नावे ठेवू? पण घोरणे गेले तरी अडणे गेले नव्हते. आता ते कोणाला ऐकू येत नव्हते, एवढेच.

देवकाबाईंना त्या शांततेचीच धास्ती बसली. दुपारी त्या पाय न वाजवता येत, कुलर बंद करत, माझ्या उसवलेल्या शिवणीतून चिमूटभर कापूस ओढत आणि पोराच्या नाकाशी धरत. कापूस हलला की त्यांचा जीव भांड्यात पडे. नाही हलला, तर त्या त्याला गदागदा हलवत. मी दिवसेंदिवस चपटी होत चालले होते, पण माझी काही तक्रार नव्हती.

धनंजय घामाघूम होऊन उठे आणि करवादे, "काऊन उठवून राह्यली वं माय? रातभर उभा राह्यतो मी तिथं!"

एकदा मंजुषाने तो कापूस पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. "आई, मेलेल्या माणसाच्या नाकाले कापूस लावतेत. जित्या माणसाच्या नाई!"

"हालते का नाई, तेवढंच पाहून राह्यली पोरी."

"तुमीच यमाले घरात बलावून राह्यल्या!"

देवकाबाईंनी कापूस मुठीत लपवला. धनंजयला नीट झोप मिळावी म्हणून त्यांची रवानगी सिंदी मेघेला, लेकीकडे झाली. जाताना त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. मला फार एकटे वाटले.

मग धुळीने धनंजयला सर्दी झाली. नाक चोंदलेले, तरी त्याने पट्टी लावलीच. मंजुषा बाहेरच्या खोलीत डाळ निवडत होती. इकडे श्वास अडला, सुटला, पुन्हा अडला. प्रत्येक वेळी सुटायला जास्त वेळ लागू लागला. वासुदेवरावांच्या शेवटच्या दुपारी असेच झाले होते. मला वाचा असती तर मी घर डोक्यावर घेतले असते!

बाहेर डाळीचा आवाज थांबला. मंजुषा दाराशी आली. बघत राहिली, परत गेली, पुन्हा आली. सासूबाई घरात नव्हत्या आणि त्यांचे कान जणू तिला लागले होते. तिने कुलर बंद केला. माझ्यातला कापूस ओढला आणि त्याच्या नाकाशी धरला. कापूस हलला नाही.

"अहो! उठा ना, अहो!" तिने पट्टी ओढून काढली, त्याला धरून बसवले. मोठा आचका देऊन त्याने श्वास घेतला. ती तिथेच बसून रडली आणि मग तिने फोन लावला. "आई, वापस या. तुमचं खरं होतं."

वर्ध्याच्या डॉक्टरांनी धनंजयच्या झोपेची तपासणी केली. श्वास गळ्यात अडतो आहे, पट्टीने नुसता आवाज झाकला, असे त्यांनी समजावले. झोपताना नाकावर लावायचे यंत्र मिळाले. आता धनंजयचा श्वास एकसारखा चालतो.

देवकाबाई परत आल्या. मंजुषाने माझी शिवण घालून मला त्यांच्या डोक्याखाली दिले. "आता तुमी झोपा आई. लय जागल्या तुमी." आणि देवकाबाई खरेच झोपू लागल्या.

मित्रांनो, त्याही घोरतात. बारीक, थकलेल्या माणसासारख्या. नातवंडे ऐकून खुदखुदतात. मी हसत नाही, कारण घोरता घोरता त्यांचाही श्वास मध्येच अडतो. मुलाच्या नाकाशी बसायला आई होती. आईच्या नाकाशी कोण बसणार? तुमच्या घरात सगळ्यांच्या झोपेची राखण करणारे जे माणूस असेल, ते स्वतः झोपले की थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. घोरण्याला हसू नका आणि शांततेवर विसंबू नका.

आत्ता दुपार आहे. धनंजय यंत्र लावून झोपला आहे, मंजुषा बाजारात गेली आहे, मुले अंगणात खेळत आहेत. देवकाबाईंची मान माझ्यावर ताठ झाली आहे. मित्रांनो, मला हाक मारता येत नाही. कोणीतरी हाक मारा.