रंगूमावशीची जागा आणि विलायती कॅरिअर

मनुष्यजातीच्या सगळ्या थोर मोहिमांच्या मुळाशी कसोशीची पूर्वतयारी असते. फसलेल्या मोहिमांच्या मुळाशीही ती असतेच, किंबहुना थोडी जास्तच असते. पण त्यांच्यावर कुणी व्याख्यानं देत नाही. कल्याणच्या गिरिविहार मंडळाची बदरीनाथ मोहीम तयारीच्या बाबतीत कुठंही कमी पडली नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो. ती पारनाक्याच्या पुढे गेली नाही, हा भाग वेगळा.

मंडळाचे संस्थापक सुधीर आगाशे. ठाण्याला कचेरीत नोकरी, पारनाक्याजवळ बिऱ्हाड, शास्त्राची पदवी आणि त्या पदवीचा घरात रोज होणारा उपयोग. उदाहरणार्थ, आगाश्यांच्या घरी चहा उकळत नसत. उकळला की त्यात विष उतरतं, असं सुधीरनं कुठंसं वाचलं होतं. किटलीत पत्ती टाकायची, वर गरम पाणी ओतायचं, किटलीला कापूस भरलेली टोपी घालायची, दूध वेगळं ठेवायचं. पाहुणे आले की ते हा चहा पीत आणि घरी जाऊन पुन्हा एकदा चहा घेत.

एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी आली त्या पावसाळ्यात सुधीरनं कल्याण कॅम्पातल्या लिलावातून लष्कराची एक जुनी जीप घेतली. मागची बाजू वाढवून तिला पत्र्याचं टप बसवून घेतलं. बेत असा ठरला की मंडळाच्या चौघांनी पुढच्या वैशाखात, देऊळ उघडताच, जीपनं बदरीनाथाच्या वाटेला लागायचं आणि जिथवर चाक फिरेल तिथवर जायचं. चौघं बसून एक पाचवी जागा उरत होती. तीत तंबू, स्टोव्ह आणि दोरखंड जाणार होते.

सगळं बिघडलं ते दसऱ्याला. जीपची पूजा होती. गल्ली गोळा झालेली. सुधीरच्या बायकोनं, सरोजनं, जीपला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. रंगूमावशी मात्र ओटीवरच्या दाराआड उभी होती, कारण विधवेनं अशा वेळी पुढे येण्याची पद्धत नव्हती. सुधीरची आई तो पाळण्यात असताना गेली. त्याला वाढवलं ते या मावशीनं. आता ती त्याच्याच घरी असे. दाराच्या फटीतून जीपला हात जोडणारी मावशी त्याला दिसली आणि त्याला भरून आलं. भरून आलेल्या माणसानं चार लोकांत बोलू नये. सुधीर बोलला.

"मावशी," तो म्हणाला, "या गाडीत पहिली जागा तुझी. बदरीनाथ मी तुला दाखवणार."

गल्लीतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मावशी दारातून थोडी पुढे आली, जीपकडे पाहिलं, सुधीरकडे पाहिलं. मग म्हणाली, "दर्शन होईपर्यंत मी चहा सोडला."

काशीला गेल्यावर माणसं एखादं फळ, एखादी भाजी सोडतात. मावशीनं निघण्याआधीच सोडलं, आणि तेही सगळ्यांसमक्ष. आता माघार घेणं सुधीरच्या हातात राहिलं नाही.

संध्याकाळी गोपीनाथनं त्याला बाजूला घेतलं. गोपीनाथ म्हणजे मंडळाचा खजिनदार, मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात रसायनशाळेत होता. मावशी आल्या म्हणजे त्यांचं सोवळं आलं, त्यांची वेगळी चूल आली, दुसऱ्याच्या हातचं पाणी नको हे आलं, असं त्याचं म्हणणं पडलं. पण खरी अडचण त्यानं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू सांगितली. मंडळी अंडी नेणार होती. थंडीच्या मुलखात प्रथिनांची गरज असते, असा ठराव सर्वानुमते झाला होता आणि तो मोहिमेचा आत्मा होता. चौघांपैकी एकाच्याही घरी अंडं शिजत नव्हतं.

त्या रात्री सुधीरच्या मनात एक विचार आला. मनात आला म्हणण्यापेक्षा तो तिथं आधीपासून बसलेला सापडला. दुसऱ्या दिवशी त्यानं मावशीला सांगितलं की तिची जागा पक्की आहे, फक्त तिथं आत्ता सामान आहे. ते वर टपावर गेलं की झालं. टपावर सामान न्यायचं तर कॅरिअर हवा. कॅरिअर बसला की निघालोच.

मावशी म्हणाली, "बरं."

दूधनाक्यावरच्या गुणाजी लोहारानं जीपभोवती एक फेरी मारली, टप ठोकून पाहिलं आणि आठ दिवसांत कॅरिअर करून देतो म्हणाला. सुधीरचा चेहरा पडला. आठ दिवसांत कॅरिअर झाला तर पुढे काय? त्यानं गुणाजीला समजावून सांगितलं की लोखंड जड पडेल, टप वाकेल, पहाडात तोल जाईल. गुणाजी म्हणाला, हलकी पट्टी वापरतो. सुधीर म्हणाला, मग कच्चा होईल. गुणाजीनं विडी पेटवली आणि जो माणूस घ्यायला आलेलाच नाही त्याच्याकडे पाहावं तसं त्याच्याकडे पाहिलं.

मग सुधीरनं मुंबईत फोर्टातल्या एका मोटारसामानाच्या दुकानातून विलायती कॅटलॉगं आणली. चकचकीत कागद. त्यांतल्या मोटारींवर अॅल्युमिनियमचे कॅरिअर होते, कॅरिअरांवर कातडी पेट्या होत्या आणि शेजारी कुत्री घेऊन उभे असलेले साहेब होते. साहेबांच्या मावश्या कुठंच दिसत नव्हत्या. सुधीरनं साधा दोन आडव्या दांड्यांचा नमुना निवडला. तो इथं मिळत नव्हता. आयातीचा परवाना काढून मागवावा लागणार होता. त्याला काही महिने लागतील, असं दुकानदार ओशाळून म्हणाला. हरकत नाही, असं सुधीर इतक्या उत्साहानं म्हणाला की दुकानदारानं मान वर करून पाहिलं.

खरं तर इथंच सगळं सुखानं संपायचं. पण रोज सकाळ होत असे आणि सकाळी चहा असे.

मावशी पहाटे उठून किटली भरी. टोपी घातलेली किटली, दुधाचं भांडं, एक कप असं तबक सुधीरसमोर आणून ठेवी आणि समोरच्या पाटावर मांडीवर हात ठेवून बसे. आधी ती त्याच्याबरोबर प्यायची. आता नुसती बसायची. कुरकूर नाही, उसासा नाही. सुधीरला घोट उतरेना. त्यानं एकदा सुचवलं की चहाऐवजी दुसरं काही सोड, दुधी भोपळा सोड. तो तसाही तुला आवडत नाही. मावशी म्हणाली, आवडत नाही ते सोडण्यात काय आहे? हे ऐकून त्याला आणखीनच शरम वाटली. तिनं वर्षानुवर्षं जपलेलं एकुलतं एक सुख आपल्या एका वाक्यापायी गेलं, आणि ते वाक्य आपण चार अंड्यांसाठी फिरवतो आहोत.

अपराधी माणूस दोन गोष्टी करू शकतो. एक म्हणजे खरं सांगून मोकळं होणं. सुधीरनं दुसरी केली. त्यानं कॅरिअर बदलला. मावशीला नेणं होवो न होवो, तिच्यासाठी आणायचा तर दोन दांड्यांचा कसला? त्यानं कठड्याचा निवडला, म्हणजे तिची सोवळ्याची पेटी घसरणार नाही. नमुना बदलला म्हणून परवाना नव्यानं मागावा लागला. परवान्याला उशीर झाला म्हणून मन अधिक खाऊ लागलं. मन खाऊ लागलं म्हणून त्यानं वर ताडपत्रीचं झाकण असलेला निवडला, म्हणजे तिची लुगडी भिजणार नाहीत. पुन्हा परवाना. अशा रीतीनं सुधीरची सदसद्विवेकबुद्धी जसजशी जागी होत गेली तसतशी मोहीम पुढे ढकलली गेली.

सरोज हे सगळं बघत होती. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं विचारलं, "हा कॅरिअर मावशींना न्यायला आणताय, की न्यायला लागू नये म्हणून?"

सुधीर म्हणाला, हा तांत्रिक प्रश्न आहे.

"तेच विचारतेय," सरोज म्हणाली आणि सुपातला खडा उचलून बाहेर टाकला.

वैशाख आला. देऊळ उघडल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. कॅरिअर आला नव्हता. सुधीर ते सांगायला मावशीसमोर उभा राहिला तेव्हा शाळेत असताना दौत सांडल्यावर उभा राहायचा तसाच उभा राहिला. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण मावशी म्हणाली, "येऊ दे रे सावकाश. विलायतेहून यायचा म्हणजे वेळ हा लागणारच. माझ्यासाठी जिवाला घोर नको लावून घेऊस." आणि तिनं त्याच्यापुढे चहाचं तबक ठेवलं.

त्या दिवशी तो कचेरीत एका अर्जदाराशी इतक्या सौजन्यानं वागला की त्या गरीब माणसाला आपला अर्ज फेटाळला गेला असंच वाटलं.

उन्हाळ्यानंतर मंडळ पातळ होत गेलं. एकाची बदली धुळ्याला झाली. दुसऱ्याला पाठीचं दुखणं लागलं. गोपीनाथचं लग्न झालं. त्याची बायको नीला नव्या विचारांची निघाली, त्यामुळे त्याला अंडी घरीच मिळू लागली आणि हिमालयाची ओढ कमी झाली. जीपमध्ये आता सुधीर सोडून चार जागा रिकाम्या होत्या. सामान कुठंही ठेवता आलं असतं. कॅरिअरची गरज उरली नव्हती, पण तो थांबवणं म्हणजे तो कशासाठी मागवला होता हे कबूल करणं होतं.

पुढचा दसरा उलटल्यावर कॅरिअर आला. देवदाराच्या पेटीत, लाकडाच्या भुशात, तेलकट कागदात गुंडाळून. गुणाजीनंच तो बसवला. बसवायला त्याला विडी ओढून संपवण्याइतका वेळ लागला. काम झाल्यावर त्यानं एक दांडी हातानं हलवून पाहिली आणि म्हणाला, चांगला आहे. यात टोमणा नव्हता, आणि तेच सुधीरला सोसवलं नाही.

जुनी जीप आणि तिच्या डोक्यावर तो चांदीसारखा कॅरिअर. उसन्या मुंडावळ्या बांधलेल्या म्हाताऱ्या नवऱ्यासारखी ती दिसत होती. सुधीर तिच्याकडे पाहत बराच वेळ उभा राहिला. मावशीचं वय वर्षानं वाढलं होतं. देऊळ आता हिवाळ्यासाठी बंद होणार होतं. म्हणजे आणखी एक हिवाळा तिनं चहावाचून काढायचा. आज सगळं सांगून टाकायचं, अंड्यांसकट, असं त्यानं ठरवलं. मग तिला, सरोजला घेऊन वैशाखात निघायचं. मंडळ गेलं खड्ड्यात.

तो घरात आला. मावशी नव्हती. सरोज म्हणाली, बायजाबाईंकडे असतील.

बायजाबाई म्हणजे मागच्या आळीतली आगरी बाई. मिठागरात तिची निम्मी हयात गेली होती. आता जमिनीला भाव आल्यावर घर पक्कं झालं होतं. मावशी तिच्या ओटीवर भाजी निवडायला बसते एवढं सुधीरला माहीत होतं.

ओटीवर कुणी नव्हतं. आत चुलीपाशी, धुरात, रंगूमावशी पाटावर बसली होती. सोवळ्याची, परक्या हातचं पाणी न घेणारी रंगूमावशी. तिच्या हातात बशी होती आणि बशी ओठांशी होती. ती फुंकर घालत होती.

"ये रं सुधीर," बायजाबाई म्हणाली. "बस. च्या घे."

मावशीनं बशी खाली ठेवली नाही. शेवटचा घोट घेतला, मग ठेवली. तोंड मात्र पाटीवर चूक सापडलेल्या पोरीसारखं झालं होतं.

"नेम आपल्या घरापुरता होता," ती म्हणाली. "आणि ही कपबशी माझी आहे. मी इथं वेगळी ठेवलीय."

कपबशी कोनाड्यात ठेवत असत असं दिसत होतं. कोनाड्यात तिच्या आकाराचं वर्तुळ उमटलेलं होतं. सुधीर उंबऱ्यावर बसला आणि जे बोलायला आला होता ते बोलला. अंडी, सोवळं, गुणाजीचे आठ दिवस, परवाने, सगळं. मावशीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं आपलं सांगितलं. तिला बदरीनाथाला जायचंच नव्हतं. थंडीनं तिचे गुडघे धरतात. पण तो चारचौघांत बोलून बसला. नाही म्हटलं असतं तर त्याचं तोंड पडलं असतं. दोन-चार दिवसांनी सांगेन म्हणत होती, तर हा म्हणाला विलायतेहून कॅरिअर मागवतो. मग तिची जीभ रेटेना. तो दर वेळी नवा, मोठा कॅरिअर मागवत गेला आणि दर वेळी तिला वाटत गेलं की पोर आपल्यापायी नाहक खर्चात पडलंय. वर्षभर तिच्याही घशाखाली सुखानं काही उतरलं नव्हतं.

"चहा सोडून," बायजाबाई म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.

दोन माणसांनी वर्षभर एकमेकांसाठी वाईट वाटून घेतलं होतं आणि त्यातलं काहीच उपयोगी पडलं नव्हतं, हे पचायला वेळ लागतो. पातेल्यात आलं घातलेला चहा दुसऱ्यांदा वर येत होता. त्याचा वास सगळ्या घरात भरला होता.

शेवटी सुधीरनं विचारलं, "पण जायचंच नव्हतं, तर तू चहा कशाला सोडलास?"

मावशीनं बायजाबाईकडे पाहिलं. बायजाबाईनं पातेल्याकडे पाहिलं.

"कधीपासून निमित्त शोधत होते रे," मावशी म्हणाली.

बायजाबाईकडे चहा उकळलेला असतो.