काळ्या कागदाखालची हळद

मी हळद बोलतेय, वायगावची. लग्नात अंगाला लावता, बोट कापलं की डब्यातून चिमूटभर काढता, तीच. पण आता मी हळकुंड नाही आणि पूडही नाही. अल्कोहोलमध्ये उतरलेला माझा पिवळा अर्क तेवढा एका काचेच्या बाटलीत उरलाय. बाटली मंजुषाच्या पिशवीत आहे आणि एसटी जाम गाव सोडून नागपूरकडे निघाली आहे. मला ओरडता आलं असतं तर!

मंजुषाचे वडील चंद्रभान यांच्या वाफ्यात माझा जन्म झाला. २००३ च्या पावसात वाफ्यात पाणी साचलं आणि जुन्या वाणाचं बेणंसुद्धा सडलं. आधीच्या सालची मूठभर हळकुंडं घरात होती. ती सगळी मंजुषानं संशोधनासाठी वर्ध्याच्या कॉलेजात नेली आणि माझा अर्क काढला.

मागच्या महिन्यात तिनं नागपूरच्या प्रयोगशाळेत मला पेशींवर घातलं, मग त्यांच्यावर पेरॉक्साइड सोडलं. त्यानं पेशी आतून जळतात. माझ्याविना ठेवलेल्या मेल्या, माझ्या सोबतीच्या बऱ्याच तगल्या. किती मिरवले मी त्या दिवशी! बशीतल्या पेशी वाचल्या म्हणजे माणूस वाचेल, असं मी म्हणत नाही. पण पुन्हा तसंच दिसलं तरच तिचा प्रबंध उभा राहणार, आणि त्यासाठी या बाटलीशिवाय काही उरलेलं नाही.

उजेडात मी तुटते, म्हणून तिनं बाटलीला काळा कागद गुंडाळला होता. काल कॉलेज बंद असल्यानं मला घरी फळीवर ठेवून ती मैत्रिणीकडे गेली. मंजुषाच्या आईला, विमलाबाईंना, बाटली दिसली.

“हळदीले काऊन काळं गुंडाळलं या पोरीनं? शुभ वस्तू हाय हे!”

“तिले विचार तरी,” चंद्रभान म्हणाले.

“तिले काय समजते? हळदीले ऊन दाखवाच लागते.”

यात आईचं काय चुकलं? उकडलेली हळद तिनं जन्मभर अंगणात वाळवली. तेव्हा मी सालीच्या आत होते आणि ऊन मला भारी आवडायचं. काल मात्र तिनं कागद सोडला, बाटलीला कुंकवाचं बोट लावलं, खिडकीत ठेवून हात जोडले. “माह्या पोरीले यश दे व माय!” ती माझी पूजा करत होती आणि मी तिच्या डोळ्यांदेखत मरत होते. संध्याकाळी, पोरगी रागावेल म्हणून, तिनं कुंकू पुसून कागद होता तसा गुंडाळला.

आता बुटीबोरी आली. तिकडे पेशी तयार असतील. माझ्या भरवशावर त्या पेरॉक्साइड अंगावर घेतील आणि माझ्या हातून काहीच होणार नाही. मंजुषा, बाई गं, आधी कागद सोड! माझा रंग बघ, किती फिका पडलाय. तशीच मला ओतलीस आणि पेशी मेल्या, तर तू म्हणशील, पहिल्या वेळी दिसलं तेच खोटं होतं. ते खोटं नव्हतं गं.

बाटलीच्या गळ्याशी कुंकवाचा एक डाग पुसायचा राहिलाय. तेवढा तरी तुला दिसू दे.