कंपाउंडरांनी उकळलेले खत

मित्रांनो, नाकाला रुमाल लावायची काही गरज नाही. मी शेणखताचा एक जुना ढीग आहे, आणि मुरलेल्या खताला वास येतो तो ओल्या मातीचा. गोठ्यातून आलो तेव्हा मी नुसते शेण आणि पेंढा होतो. मग पोटात अशी आग पेटली की हात घालणाऱ्याला चटका बसावा. डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव मला खात होते, कुजवत होते, मुरवत होते. आठ महिन्यांत मी काळाभोर, भुसभुशीत झालो. मला उकिरडा म्हणून हिणवणाऱ्यांनी एकदा ओंजळभर हातात घेऊन पाहावे!

माझी मालकीण रोपवाटिका चालवते. तिचे सासरे निवृत्त कंपाउंडर. बत्तीस वर्षे त्यांनी दवाखान्यात सुया उकळल्या, जखमा धुतल्या. जंतू म्हटले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. त्यांच्या दिवंगत पत्नीने वर्षानुवर्षे राखलेले टोमॅटोचे बी आता चिमूटभरच उरले होते. ते सगळे त्यांनी पेरले. बारा रोपे उगवली. ती कुंड्यांत लावायच्या दिवशी कंपाउंडरांनी माझ्यातले दोन घमेली खत मोठ्या पातेल्यात घालून तासभर खळखळ उकळले!

"बाबा, हे काय करताय?" सुनेने दारातूनच विचारले.

"जंतू मारतोय. हिच्या रोपांना काही व्हायला नको."

सुनेने समजावून पाहिले, पण पालथ्या घड्यावर पाणी.

महिनाभरात रोपे पिवळी पडली. सातांनी माना टाकल्या. कंपाउंडर भिंगातून पाने न्याहाळत बसायचे आणि ताटावरून तसेच उठायचे. मला आधी रागच आला होता, पण त्यांचा चेहरा पाहून वाईट वाटले. कुंडीत अन्न होते, पण वाढणारे कोणी नव्हते. माझे जीव खत फोडून मुळांना गिळता येईल असा घास करून देतात, मुळे कुजवणाऱ्या रोगांनाही आवरतात. तेच पातेल्यात मेले होते.

"बाबा, सगळेच जंतू वैरी नसतात," सून म्हणाली. "मुरलेलं खत पाण्यात कालवून मुळाशी घालू द्या."

"पाचच राहिलीत गं. तीही गेली तर तिचं काय उरेल माझ्याकडे?"

"एकालाच घालते."

मग सर्वांत मरतुकड्या रोपाची कुंडी त्यांनी पुढे सरकवली.

दहा दिवसांनी त्या रोपाला हिरवागार कोंब फुटला. "अगं, लवकर ये!" ही हाक ऐकून शेजारीसुद्धा धावत आले. उरलेल्या चार कुंड्या कंपाउंडरांनी स्वतः आणून ठेवल्या. पाचही रोपांना टोमॅटो लागले आणि घरात पुन्हा मूठभर बी जमले. खोटी नम्रता कशाला? ते बी माझ्या पोटातल्यांनी वाचवले.

मित्रांनो, आम्हाला उन्हात करपू देऊ नका, पावसात वाहू देऊ नका, आणि कच्चे शेण रोपांना घालू नका. मला हात लावलात तर साबणाने धुवा. कंपाउंडरांचे तेवढे अगदी खरे आहे.

यंदा पेरणीच्या सकाळी ते माझ्यापाशी आले. त्यांनी घमेले भरले. आणि जन्मभर जंतूंच्या जिवावर उठलेला तो माणूस मान खाली घालून म्हणाला, "तिची रोपं तुमच्या हवाली करतोय. सांभाळा."