आखूड स्प्रिंगा की कॉइलओव्हर

दाजींना त्यांची उघड्या टपाची गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली हवी होती.

"नुसत्या आखूड स्प्रिंगा टाक," ते माझ्या गॅरेजात येऊन म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ताईचा कॅन्सर मणक्यात पोचलेला, आणि त्या स्प्रिंगा एकदा बसल्या की गाडी कायमची कडक. प्रत्येक खड्ड्याला तिचा जीव जायचा.

"कॉइलओव्हर घ्या, स्प्रिंग आणि शॉकअप एकत्रच असतात. आटे फिरवून उंची, कडकपणा, दोन्ही कमी-जास्त करता येतं."

ताई गाडीतच उशीला टेकून ऐकत होती. "तेच घाल," ती म्हणाली. "आत्ता माझ्यापुरती मऊ ठेव. नंतर किती आटे फिरवायचे, ते यांना सांगून ठेव."

दाजींनी लगेच खिशातून पेन काढलं.